आजीच्या वहीतले दोन तोळे

आजी जाऊन तीन वर्षं झाली तरी तिचा दागिन्यांचा डबा कुणी उघडला नव्हता, मागच्या दिवाळीत बाबा, काका आणि आत्या तिघं एकत्र आले तेव्हा ठरलं की आता वाटून टाकू, उगाच लॉकरचं भाडं भरत बसायला नको. डब्यासोबत एक जुनी लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. आजीच्या लग्नाच्या खर्चाची, शके १८६० म्हणजे १९३८ सालची, तिच्या वडिलांनी वाईला लिहिलेली. सोनं किती, चांदी किती, तांदूळ किती, गूळ किती, आचाऱ्याला काय दिलं, वाजंत्र्यांना काय दिलं, सगळं. पुढची कोरी पानं आजीनेच नंतर वापरलेली, कुठे दुधाचा हिशोब तर कुठे कुणाच्या बाळंतविड्याची यादी.

वाटणीचं काम सोपं वाटलं होतं. वहीत वजनं लिहिलीच आहेत, डब्यातल्या वस्तू सोनाराकडे नेऊन मोजायच्या, दोन्ही आकडे जुळले की तीन भाग करायचे. धाकट्या चुलतभावाने लॅपटॉपवर शीट बनवली, वहीत दिसलेले तोळे एका रकान्यात, दहाने गुणून ग्रॅम दुसऱ्यात आणि सोनाराच्या काट्यावर आलेलं वजन तिसऱ्यात. दहाने का, तर आज महाराष्ट्रात कुठल्याही पेढीवर जा, तोळा म्हणजे दहा ग्रॅम, पेपरात भावसुद्धा दहा ग्रॅमचाच येतो, त्यामुळे त्याचं काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

पाटल्या, वहीत ५ तोळे ३ मासे (मासा म्हणजे तोळ्याच्या आतलं लहान वजन). शीटमध्ये ५२.५ ग्रॅम, काट्यावर भरल्या ६०.९.

गोठ, वहीत ८ तोळे. शीटमध्ये ८० ग्रॅम, काट्यावर ८०.१.

म्हणजे गोठ बरोब्बर आणि पाटल्या जवळपास साडेआठ ग्रॅमने जास्त. जास्त आहे ना मग चांगलंच आहे असं काका म्हणाले, पण मला ते काही पटेना, सोनं अंगावर झिजतं, वाढत नाही. मग मी मोबाईलवर तोळा शोधला तर तिथे ११.६६ ग्रॅम. त्या हिशोबाने पाटल्या झाल्या ६१.२ म्हणजे पाच पिढ्यांचं नाही पण ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या वापराचं घासणं धरलं तर एकदम चोख. आणि तोच आकडा गोठांना लावला तर ९३.३ ग्रॅम हवे होते आणि आहेत ८०.१, तेरा ग्रॅम गायब!

इथे वातावरण बिघडलं, हे मी लपवत नाही. गोठ शेवटची दहा वर्षं आत्याकडे होते कारण आजी तिच्याकडेच होती. कुणी काही बोललं नाही पण चुलतभावाने शीटमध्ये त्या ओळीला लाल रंग दिला आणि आत्याने तो बघितला. ती उठून स्वयंपाकघरात गेली. तेरा ग्रॅम सोनं आजच्या भावाने थोडंथोडकं नाही, पण मला त्या क्षणी सोन्यापेक्षा तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. म्हणून मी म्हटलं की आज वाटणी नको, वही मला आठवडाभर द्या, मी ओळ न् ओळ वाचते आणि मग बोलू. पुढे जे लिहितेय ते त्या आठवड्याचं.

पहिली गोष्ट मी केली ती म्हणजे कन्व्हर्टर बंद केला. कारण कन्व्हर्टरला विचारलं की तोळा किती तर तो एक आकडा देतो, पण हा तोळा कुणाचा, कधीचा आणि कुठल्या काट्यावरचा हे तो विचारत नाही. वहीलाच विचारायचं ठरवलं. जुन्या हिशोबाच्या वहीचा एक मोठा गुण असतो, तिच्यात वजन असतं, दर असतो आणि झालेली रक्कमही असते, तिन्ही एका ओळीत. दोन माहीत असले की तिसऱ्याने माप पकडता येतं.

पाटल्यांची ओळ अशी, तोळे ५ मासे ३, दर ३५, रुपये १८३-१२-०. शेवटचे तीन आकडे म्हणजे रुपये, आणे, पै. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून १२ आणे म्हणजे पाऊण रुपया, एकूण १८३.७५. भागिले ३५, बरोब्बर ५.२५. म्हणजे तीन मासे म्हणजे पाव तोळा, बारा माशांचा तोळा पक्का झाला. कुड्यांची ओळ, मासे ७ गुंजा ४, रुपये २१-१४-०. २१.८७५ भागिले ३५ म्हणजे ०.६२५ तोळा म्हणजे साडेसात मासे, मग चार गुंजा म्हणजे अर्धा मासा, आठ गुंजांचा मासा. बारा आठे शहाण्णव, शहाण्णव गुंजांचा तोळा. शाळेतल्या जुन्या कोष्टकात हेच होतं असं बाबा म्हणाले, पण वहीतून निघालं याचा आनंद वेगळा होता.

पण हे झालं तोळ्याच्या आतलं गणित. तोळा स्वतः किती ग्रॅमचा हे यातून कळत नाही, त्याला वहीच्या बाहेरची एखादी वस्तू लागते जी तेव्हा तोलली होती आणि आजही हातात आहे. ती मिळाली. चांदीचा तांब्या, वहीत "४२ रुपयेभार". रुपयेभार म्हणजे अक्षरशः एका रुपयाच्या नाण्याइतकं वजन, इंग्रजी अमलातला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा होता आणि तोळाही तेवढाच, त्यामुळे घराघरात रुपया हेच वजन. १८० ग्रेन म्हणजे ११.६६३८ ग्रॅम, गुणिले ४२, ४८९.९ ग्रॅम. तांब्या सोनाराकडे ठेवला, ४८७. रोज नाही पण सणावारी चिंच लावून घासलेल्या तांब्याला तीन ग्रॅमची झीज काहीच नाही. वर देवघरात लक्ष्मीपूजनाचे पाचव्या जॉर्जचे सहा रुपये आहेत तेही नेले, सहांचं मिळून ६९.६ भरलं, यायला हवं होतं जवळपास ७०. आता शंका उरली नाही. आजीच्या वडिलांच्या वहीतला तोळा ११.६६ चा.

मग गोठांचं काय?

आता मी ती ओळ नीट शोधली आणि जे दिसलं ते पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. चुलतभावाने "गोठ ८ तोळे" घेतलं होतं ते वहीच्या मागच्या बाजूच्या पानावरून, दुधाच्या हिशोबाच्या शेजारून, निळ्या बॉलपेनने, आजीच्या अक्षरात. १९३८ ची पानं टाकाने काळ्या शाईत, तिच्या वडिलांच्या अक्षरात. त्या मूळ यादीतही गोठ होतेच पण त्याला ते दिसले नाहीत कारण तिथे लिहिलं होतं "७॥ तोळे" आणि त्याने त्या दोन उभ्या रेघांना अकरा समजून ती ओळ चुकीची म्हणून सोडून दिली होती. दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा, एक रेघ पाव, तीन रेघा पाऊण, ही खूण आता तिशीतल्या कुणाला माहीत असायचं कारण नाही, त्याला दोष नाही. साडेसात तोळे, दर ३५, रुपये २६२-८-०. जुळतं.

आजीची ओळ अशी होती, मी तशीच उतरवून घेतली, "१९७६ गोठ मोडले. जुने ८७ ग्रॅम २००. नवे ८ तोळे. उरल्याचे वेढणे. मजुरी दिली." एवढंच. (वेढणं म्हणजे बोटातलं साधं वळं.)

या एका ओळीत दोन वेगळे तोळे समोरासमोर उभे आहेत. जुने गोठ साडेसात तोळ्यांचे, गुणिले ११.६६३८ म्हणजे ८७.४८ ग्रॅम आणि आजीने लिहिलंय ८७ ग्रॅम २०० मिलिग्रॅम म्हणजे ८७.२. अडतीस वर्षांत पाव ग्रॅम झीज, म्हणजे जुना तोळा इथे पुन्हा एकदा सिद्ध झाला, तोही सोनाराच्या ग्रॅमच्या काट्यावर. आणि नवे गोठ "८ तोळे". हा तोळा जर ११.६६ चा धरला तर नवे गोठ ९३.३ ग्रॅमचे होतात, म्हणजे ८७.२ ग्रॅम सोनं वितळवून त्यातून ९३.३ चे गोठ आणि वर वेढणं! हे होऊच शकत नाही. सोनं विकत घेऊन भर घातली असती तर आजीने ते पैसे लिहिले असते, तिने दुधाचे चार आणे सोडले नाहीत, ओळीत फक्त मजुरी आहे. तेव्हा हा तोळा दहा ग्रॅमचाच असणार, ८० ग्रॅम. वेढणं डब्यात होतं, एका कागदाच्या पुडीत, त्याचं वजन ४.६ भरलं. ८०.१ आणि ४.६ मिळून ८४.७. ८७.२ मधून अडीच ग्रॅम गेले ते जुना डाक म्हणजे सांधे जोडायला लावलेला धातू, वितळवण्यातली घट आणि त्यानंतरची झीज. आमच्या सोनारकाकांना विचारलं तर म्हणाले जुन्या डाकाच्या दागिन्यात एवढी घट जाते, काही विशेष नाही.

एक ग्रॅमही गायब नव्हतं.

मी त्याच रात्री आत्याला फोन केला, रात्रीचे अकरा वाजले होते तरी केला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आई गोठ मोडायला गेली तेव्हा मी बरोबर होते गं, पण वजन मला कुठलं आठवायला." चुलतभावाने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन तिची माफी मागितली, हे मला खूप बरं वाटलं.

आता प्रश्न असा की १९३८ ते १९७६ मध्ये असं काय झालं की त्याच घरात, त्याच वहीत, तोळा दीड ग्रॅमहून जास्त आक्रसला. १९३९ च्या वजनांच्या कायद्यात तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा आणि मण ४० शेरांचा असं ठरवलेलं होतं. मग स्वातंत्र्यानंतर दशमान आलं, आधी पैशात, १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे, १०० पैशांचा रुपया, आणि वजनांत १९५६ च्या कायद्याने, प्रत्यक्ष सुरुवात १ ऑक्टोबर १९५८ पासून आणि मग टप्प्याटप्प्याने सगळीकडे. सोनारांचे काटे ग्रॅमचे झाले पण बायकांच्या तोंडातला तोळा काही गेला नाही, कसा जाईल, लग्नात किती तोळे घातले हाच प्रश्न विचारला जायचा. मग ११.६६ ग्रॅम तोंडाने कोण मोजणार, जवळचा गोल आकडा दहा, तोच तोळा झाला. गंमत म्हणजे आखातातून येणारा दहा तोळ्यांचा सोन्याचा बार अजूनही ११६.६४ ग्रॅमचाच असतो, तिथे जुना तोळा जसाच्या तसा जिवंत आहे.

आणि हे फक्त तोळ्याचं नाही, फक्त बाकीची मापं उलट्या दिशेला सरकली. खरा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणून खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, आज भाजीवाल्याकडे पावशेर मिरच्या मागितल्या की २५० ग्रॅम मिळतात. अदपाव ११७ चा १२५ झाला. मण ३७.३२ किलोचा होता, आज लोक ४० किलो धरतात. म्हणजे नावं तीच राहिली आणि प्रत्येक नाव आपापल्या जवळच्या सोप्या आकड्यावर जाऊन बसलं, तोळा खाली उतरला, शेर आणि मण वर चढले. म्हणून जुन्या कागदातल्या सगळ्या मापांना एकच "थोडं कमी करा" किंवा "थोडं वाढवा" असा नियम लावता येत नाही.

सोन्याचं मिटलं होतं पण वही हातात होती आणि मला राहवेना, त्यात काका आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहितायत, त्यांना आजीच्या लग्नाचं पानभर वर्णन हवं होतं, किती धान्य लागलं वगैरे. मी म्हटलं देते किलोमध्ये काढून. आणि इथे तोळ्यापेक्षा मोठा गोंधळ निघाला.

गूळ १ मण १० शेर, दर २॥ आणे, रुपये ७-१३-०. १२५ आणे भागिले अडीच, ५० शेर. म्हणजे मण ४० शेरांचा, नेहमीचा. गूळ झाला ४६.६६ किलो. (मण ४० किलोचा आणि शेर किलोचा धरून काकांनी आधीच ५० लिहून ठेवले होते.) तुपाच्या ओळीत तर स्पष्टच होतं, पक्के शेर १०, ८० रुपयेभाराचे, ९.३३ किलो.

मग तांदूळ, आंबेमोहोर, ३ मण, दर पायलीस ७ आणे, रुपये १५-१२-०. पायली! २५२ आणे भागिले ७, ३६ पायल्या. तीन मणांच्या ३६ म्हणजे १२ पायल्यांचा मण. आणि चार शेरांची पायली धरली तर एका मणात ४८ शेर. एकाच वहीत, एकाच माणसाच्या हाताने लिहिलेले दोन मण, एक ४० शेरांचा आणि एक ४८ शेरांचा, आणि दोन्ही बरोबर, कारण पहिला काट्यावरचा मण आहे आणि दुसरा मापातला. गूळ, तूप, साखर तोलायची आणि धान्य मापायचं. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशिरी, पायली, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. ही भांडी आहेत, वजनं नाहीत. पुढे पायल्यांचा मणसुद्धा सगळीकडे सारखा नव्हता, कुठे १२ चा, कुठे १६ चा, आणि वीस मणांची खंडी. वहीत रक्कम लिहिली नसती तर मी १६ धरून मोकळी झाले असते आणि ४८ पायल्या लिहून टाकल्या असत्या, मग दाम २१ रुपये आले असते.

मापाचं वजनात रूपांतर कोष्टकाने होत नाही, ते भांडं भरून तोलावंच लागतं. आमच्या माळ्यावर लोखंडी शेर आहे, तळाला छाप पुसट झालेला. आधी पाणी भरून बघितलं, एक लिटर आणि वर साधारण ९० मिली. मग मुद्दाम आंबेमोहोर आणला, काठोकाठ भरून वर लाटणं फिरवलं, ९०५ ग्रॅम. ज्वारी भरली तर ८४०. पातळ पोहे भरले तर १६० च्या आसपास. एकच शेर! मग आईने सांगितलं की अगं सपाट कोण मापायचं, शीग लावून द्यायचे, म्हणजे वर टोक येईल असा ढीग. शीग लावली तर तांदूळ १०२० ग्रॅम. म्हणजे नुसत्या वरच्या ढिगाचे ११५ ग्रॅम, सपाट की शीग एवढ्यावरून जवळपास पावणेतेरा टक्क्यांचा फरक. शेतकऱ्याकडून घेताना शिगेने आणि गिऱ्हाइकाला देताना सपाट, असं व्यापाऱ्यांबद्दल का बोलायचे ते मला त्या दिवशी ओट्यावर उभं राहून समजलं.

तर तीन मण तांदूळ म्हणजे १४४ शेर, सपाट धरले तर १३० किलो, शिगेने १४७ किलो. आणि काकांच्या पद्धतीने तीन गुणिले चाळीस केलं असतं तर १२०, कन्व्हर्टरच्या मणाने ११२. चारही आकडे "तीन मण"च.

काका म्हणाले एवढं काय किलोमागे लागायचं, दहा-वीस इकडेतिकडे. पण हीच चूक मोठ्या गोष्टींत होते तेव्हा मला खरंच त्रास होतो. सभासद बखरीत महाराजांचं सोन्याचं सिंहासन बत्तीस मणांचं लिहिलंय. ते वाचून सरळ ३२ गुणिले ४० करून १२८० किलो असं ठोकून देतात, अगदी भाषणात, पोस्टरवर. चाळीस किलोचा मण तर १९५८ नंतर आपल्या तोंडात तयार झालेला, ८० तोळ्यांच्या शेराचा मण इंग्रजांनी १८३३ च्या बंगालच्या नियमाने बसवायला सुरुवात केली, आणि राज्याभिषेक आहे १६७४ चा. इंग्रजांच्या काळातसुद्धा मुंबईचा मण २८ पौंडांचा म्हणजे १२.७ किलोचा होता, मद्रासचा २५ पौंडांचा. मुंबईच्या मणाने तेच बत्तीस मण ४०६ किलो होतात. मी असं म्हणत नाही की ४०६ बरोबर आहे, तोही आकडा त्या काळातला नाही. त्या काळातल्या कागदांतून, सोन्यासाठीचा मण किती शेरांचा आणि शेर किती तोळ्यांचा हे ज्याने दाखवलं त्याचाच आकडा मी मानेन. महाराजांवरच्या प्रेमापोटीच हे म्हणतेय, त्यांच्या सिंहासनाला चुकीचं वजन नको.

मुंबईचा तो लहान मण अजून एका ठिकाणी टिकून आहे. कापसाची खंडी. आजही बाजारात कापसाच्या गाठींचा भाव खंडीवर निघतो आणि ती खंडी ३५६ किलोची. हा विचित्र आकडा येतो कुठून, तर ७८४ पौंड, म्हणजे २८ पौंडांचे २८ मण. आणि खंडी म्हणजे वीस मण हे कोष्टक पाठ असलेला माणूस इथे हमखास फसतो कारण कापसाची खंडी वीस मणांची नाहीच. विदर्भातल्या एका मैत्रिणीच्या वडिलांनी हे मला फोनवर समजावलं, त्यांना हे सगळं तोंडपाठ.

वाटणीकडे परत येते. नवीन शीटमध्ये मी तोळ्याचा रकानाच ठेवला नाही. वहीतलं माप जसं लिहिलंय तसं, शाई आणि अक्षर कुणाचं, साल, मग त्या सालच्या मापाने ग्रॅम, मग आजचं काट्यावरचं वजन आणि शेवटी फरक कशामुळे. पाटल्या ६०.९, गोठ ८०.१, वेढणं ४.६, मिळून १४५.६ ग्रॅम, सोनारकाकांनी शुद्धताही मशीनवर बघून दिली, तिन्ही दागिने बावीस कॅरेटच्या आसपास, म्हणून वजनावर वाटायला हरकत नव्हती. प्रत्येकाचे ४८.५ ग्रॅम. कुड्या मोत्यांच्या, त्या मोजल्याच नाहीत, घरातल्या सगळ्यात धाकट्या नातीला दिल्या. पाटल्या बाबांकडे, गोठ काकांकडे, दोघांनी आपापला फरक पैशांत आत्याला दिला, आणि वेढणं आत्याने मागून घेतलं, कारण ती त्या दिवशी सोनाराकडे बरोबर होती.

कुलवृत्तांतात काकांनी शेवटी "आंबेमोहोर ३ मण (१२ पायल्यांचा मण), आजचे अंदाजे १३० ते १४७ किलो" असंच लिहिलं. लोखंडी शेर मी आता स्वयंपाकघरात आणून ठेवलाय, आतल्या बाजूला एक चिठ्ठी आहे, तांदूळ सपाट ९०५, शिगेने १०२०.